नऊ नंबरचे अडतीस

प्राचार्यांनी ग्रंथपाल बाईंना केबिनमध्ये बोलावून "बसा" म्हटलं, तेव्हाच बाईंनी ओळखलं की आता काहीतरी गळ्यात पडणार. साधं काम असेल तर प्राचार्य ते उभ्याउभ्याच सांगत.

"कॉलेजला पन्नास वर्षं होतायत, बाई. बास्केटबॉलच्या मैदानाशेजारच्या भिंतीवर एक फलक रंगवून घ्यायचाय. पन्नास हंगामांचा इतिहास! कोणत्या वर्षी संघ कुठवर गेला, कुणाचे किती गुण, सगळे विक्रम. पेंटर सोमवारी येतोय."

"पण सर, हे काम क्रीडा विभागाचं ना?"

"रेकॉर्ड म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे ग्रंथालय," प्राचार्य म्हणाले, आणि विषय संपला.

जुनी स्कोअरबुकं होती शिट्टी सरांकडे. सरांनी चौतीस वर्षं कॉलेजचा संघ सांभाळला होता. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. नातवंडं भांडायला लागली की ते घरात ती फुंकत, आणि नातवंडांबरोबर सूनही जागच्या जागी थांबे. त्यांनी पत्र्याची एक ट्रंक बाईंच्या स्वाधीन केली. बाईंनी वरचं स्कोअरबुक उघडलं. नंबर, गुण, फाउल, शेरा. चार रकाने, अक्षर मोत्यासारखं.

"सर, यात नावं कुठायत?"

"नावं नाहीत. नाव लिहिलं की पोरगा नावासाठी खेळतो. नंबर लिहिला की संघासाठी खेळतो."

"मग कोण कोण होतं ते कळणार कसं?"

"दर वर्षीचा फोटो लावलाय जिमखान्यात. छातीवर नंबर, खाली नावं. जुळवा," असं म्हणून सरांनी दार लावून घेतलं.

बाई जुळवायला बसल्या. पुस्तकातून नंबर घ्यायचा, फोटोतून नाव घ्यायचं, वहीत उतरवायचं. इतिहास काही फार देदीप्यमान नव्हता. एका पानावर शेरा होता, "विजय. समोरचा संघ आला नाही." पुढच्याच पानावर, "पराभव. समोरचा संघ आला." एका हंगामात ७१–९ असा मार खाल्ला होता, आणि त्या नवातलेही दोन गुण समोरच्या संघाने चुकून स्वतःच्याच बास्केटमध्ये टाकलेले होते. पन्नास वर्षांत कप एकच. सव्वीस वर्षांपूर्वीचा. तो जिमखान्याच्या काचेच्या कपाटात इतका मधोमध ठेवला होता की आजूबाजूला आणखी कप होते आणि कुणीतरी ते उचलून नेले, असं बघणाऱ्याला वाटावं.

त्या सव्वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला हात लावताना मात्र बाईंचा हात थोडा थबकला. कारण तो हंगाम त्यांना तोंडपाठ होता. त्यांचे यजमान त्या संघात होते.

यजमानांचं औषधांचं दुकान होतं. माणूस सज्जन, पण सांगण्यासारखं आयुष्यात फारसं काही घडलेलं नव्हतं. डिग्री काठावर मिळाली, केस चाळिशीच्या आत गेले, दुकान ना चालत होतं ना बंद पडत होतं. मात्र फायनलमध्ये त्यांनी एकट्याने अडतीस पॉइंट केले होते. लग्न ठरत असताना पहिल्याच भेटीत सासूबाईंनी पगाराच्या आधी हा आकडा सांगितला होता. तेव्हापासून तेवीस वर्षं तो घरात होता. गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा तो ऐकवून झाला होता. बाईंनी कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मनातून त्यांना वाटायचं, अठरा असतील. पण तो आकडा सांगताना नवऱ्याची पाठ ताठ होते, हे त्यांना दिसायचं, आणि ती ताठ पाठ त्यांना आवडायची.

त्यांनी फायनलचं पान उघडलं. विजय, ५८–५७. नऊ नंबर: अडतीस गुण, चार फाउल. जिमखान्यात जाऊन त्यांनी फोटो पाहिला. नऊ नंबरच्या जर्सीत, भरपूर केसांचे, यजमान!

बाई तिथेच बाकावर बसल्या आणि एकट्याच हसल्या. अडतीस म्हणजे पन्नास वर्षांतला विक्रम होता. तेवीस वर्षं आपण या माणसाचे वीस पॉइंट विनाकारण कापत होतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"अहो, तुमचे अडतीस खरेच निघाले की!" घरी गेल्या गेल्या त्या म्हणाल्या.

यजमानांच्या हातातला चहा बशीत सांडला. "कुठे निघाले?"

"स्कोअरबुकात. कॉलेजचा विक्रम आहे तो. भिंतीवर तुमचं नाव लागणार."

"भिंतीवर कशाला? म्हणजे... एवढं काय त्यात..."

"बघा, कसा लाजतोय!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन जवळ ओढला. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी अकरा नातेवाइकांना कळवलं. बाराव्याचा फोन लागला नाही म्हणून शेजाऱ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लॅब असिस्टंट ग्रंथालयात आला. केमिस्ट्रीच्या लॅबमधला हा भला माणूस, ओठांवर झाडूएवढी मिशी. ती त्याला सतराव्या वर्षी फुटली होती आणि त्याने ती पुन्हा कधी काढली नाही, अशी ख्याती होती. तो थोडा वेळ वर्तमानपत्रं चाळत बसला आणि मग हळूच टेबलाशी आला.

"बाई, भिंतीवर साहेबांचं नाव लागतंय म्हणे. अभिनंदन."

"थँक्यू."

"फक्त एक सांगायचं होतं. त्या मॅचला नऊ नंबर मी होतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "अहो, फोटोत हे आहेत."

"फोटो हंगामाच्या सुरुवातीचा, बाई. मॅच शेवटची. माझ्या घरी विचारा. बायकोला पाठ आहे. अडतीस पॉइंट."

तो जातो न जातो तोच कॅन्टीनवाला चहा घेऊन आला. न मागवता चहा म्हणजे काहीतरी शिजतंय, एवढं कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. कॅन्टीनवाला कॉलेजचाच माजी विद्यार्थी. उंची बेताची, आणि आता रुंदीने उंचीला गाठलं होतं.

"मॅडम, नऊ नंबर मी होतो," त्याने कप ठेवतानाच सांगून टाकलं.

"तुम्हीसुद्धा?" बाईंनी कपाळावर हात मारला. "एका जर्सीत किती जण होता तुम्ही?"

"तिघं," कॅन्टीनवाला म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. फायनलच्या आदल्या दिवशी शिट्टी सरांना वाटलं, जर्सींना वास येतोय. त्यांनी त्या रात्रभर कढत पाण्यात भिजत घातल्या. सकाळी दहातल्या पाच आटून बाहुलीला बसतील एवढ्या झाल्या होत्या.

"पण उरल्या पाच. कोर्टवरही पाचच जण. सर म्हणाले, पुरेत. मग लक्षात आलं की बदली खेळाडू काय घालणार? मग काय, पाण्याच्या टाकीमागं जायचं, आतल्यानं काढायची, बाहेरच्यानं घालायची. बाकी चौघांच्या जर्सी घामानं अशा चिकटल्या होत्या की कात्रीशिवाय निघाल्या नसत्या. नऊ नंबर तेवढी ढगळ. म्हणून जो बदल व्हायचा तो नऊ नंबरमधूनच."

"आणि पंचांना कळलं नाही?"

"पंच नंबर बघतात, मॅडम. तोंड कोण बघतं! त्यांना वाटलं, हा नऊ नंबर दमतच नाही."

बाईंनी पुन्हा फायनलचं पान काढलं आणि या वेळी ते उलटून पाहिलं. मागे वेगळ्याच, रागाने दाबून लिहिलेल्या अक्षरात चार ओळी होत्या. "विरुद्ध संघाच्या कर्णधाराची हरकत: नऊ नंबरला पूर्वार्धात मिशी नव्हती. मध्यंतरानंतर आली. शेवटच्या पाच मिनिटांत ती पुन्हा गेली असून उंचीही अर्धा फूट कमी झाली आहे." त्याखाली शिट्टी सरांचं मोत्यासारखं अक्षर: "वाढीचं वय आहे."

बाई तडक पुस्तक घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य खुशीत होते.

"या, या! प्रमुख पाहुणे ठरले. पाटबंधारे खात्याचे मुख्य अभियंता. गंमत म्हणजे त्या फायनलमध्ये समोरच्या संघाचे कर्णधार तेच होते! फोनवर लगेच हो म्हणाले. एकच विचारलं, नऊ नंबर येणार आहे ना?"

बाईंनी पान उलटं करून त्यांच्यासमोर ठेवलं. प्राचार्यांनी ते वाचलं. मग चष्मा बदलून वाचलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, हा एकच कप आहे आपल्याकडे. हा गेला तर भिंतीवर काय लिहू? समोरचा संघ आला?"

"मग नऊ नंबरपुढे काय लिहायचं?"

"एक नाव. कुठलंही, पण एक. त्या तिघांना बसवा आणि ठरवून घ्या."

तिघांची बैठक वाचनकक्षात भरली. यजमान दुकान बंद ठेवून आले होते. सकाळपासून ते बाईंशी नजर मिळवत नव्हते. "शांतता राखा" या पाटीखाली बसून तिघांनी आपापले पॉइंट सांगितले. यजमान अडतीसवरून सव्वीसवर उतरले. लॅब असिस्टंट एकोणिसावर अडून बसला. कॅन्टीनवाला म्हणाला, मी शेवटची पाचच मिनिटं होतो, तेव्हा उगाच फुगवून सांगणार नाही, सोळा. बाईंनी बेरीज केली. एकसष्ट.

"सबंध संघाचे अठ्ठावन्न होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिघांनी मिळून मॅचपेक्षा तीन जास्त केलेत."

"यांचेच कमी करा," लॅब असिस्टंट म्हणाला. "मी आत गेलो तेव्हा आपण मागे होतो."

"मागे होतो, पण जवळ होतो! जवळ कुणी आणलं?" यजमान उसळले.

"अरे, जिंकवलं कुणी?" कॅन्टीनवाला ओरडला, आणि कोपऱ्यात अभ्यास करणारी एक मुलगी पुस्तकं उचलून निघून गेली.

शेवटी शिट्टी सरांना बोलावलं. सरांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तिघेही, पन्नाशीला आलेले, पाय जुळवून उभे राहिले.

"सर, कुणाचे किती होते, तुम्हीच सांगा."

"नऊ नंबरचे अडतीस होते," सर म्हणाले. "मी नंबर बघत होतो. आणि नावाचं भांडण होतं म्हणूनच मी नाव लिहीत नसे. दिसलं ना?"

"पण जर्सी तुम्हीच उकळल्या होत्या, सर," बाई म्हणाल्या.

सरांनी त्यावर फक्त शिट्टी चाचपली आणि ते निघून गेले.

अखेर झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून बाईंनी पेंटरला सांगितलं, "नाव नको. 'एका सामन्यात सर्वाधिक गुण: नऊ नंबर, अडतीस,' एवढंच रंगवा." ज्याला जे समजायचं ते त्याने समजावं. लॅब असिस्टंटच्या बायकोने ते वाचून नवऱ्यासाठी नवा शर्ट आणला. कॅन्टीनवाल्याने फलकासमोर उभं राहून सहकुटुंब फोटो काढला. आणि सासूबाई म्हणाल्या, "नाव कशाला हवं? सगळ्या गावाला माहीत आहे कोण ते." यजमान मात्र दोन दिवस जेवणात मीठ कमी आहे की जास्त, हेही सांगेनासे झाले.

समारंभ मैदानावरच होता. तिन्ही नऊ नंबर पहिल्या रांगेत, आपापल्या कुटुंबासह, एकमेकांपासून शक्य तेवढे लांब. सासूबाईंनी यजमानांच्या शेजारची खुर्ची धरली होती. मुख्य अभियंता उंचेपुरे, रुंद खांद्यांचे. ते माइकजवळ आले, त्यांनी फलकाकडे एक नजर टाकली आणि भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"सव्वीस वर्षं मी एका माणसाला शोधतोय," ते म्हणाले. "एका पॉइंटनं माझा कप नेला त्यानं. नऊ नंबर. आला असेल तर पुढे यावं. मला त्याला नीट बघायचंय."

'बघायचंय' या शब्दात असं काही वजन होतं की पहिली रांग गार पडली. आठवडाभर त्या जर्सीसाठी भांडलेला लॅब असिस्टंट मिशीवर रुमाल धरून खोकायला लागला. कॅन्टीनवाल्याला अचानक चहाची व्यवस्था आठवली आणि तो अर्धवट उठला, तेव्हा बायकोने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. व्यासपीठावर प्राचार्य डोळे मिटून बसले होते.

"अरे, ऊठ की!" सासूबाईंनी लेकाला कोपर मारलं. "एवढा मोठा माणूस बोलावतोय!"

यजमान उठले. बाईंना वाटलं, ते मागच्या फाटकाकडे वळतील. पण ते हळूहळू चालत व्यासपीठावर गेले आणि पाहुण्यांसमोर उभे राहिले. पाठ ताठ नव्हती.

"मी नऊ नंबर," ते म्हणाले.

पाहुण्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं. माइक चालूच होता.

"मिशीच्या आधीचा, की मिशीच्या नंतरचा?"

मैदानावर हशा पिकला. यजमान म्हणाले, "आधीचा."

"किती केलेस?"

आता कुणी हसलं नाही. यजमानांनी खाली पाहिलं, सासूबाईंकडे नाही, बाईंकडे. माणसाजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट असावी आणि तीही अशी भर मैदानात जावी, याचं बाईंना इतकं वाईट वाटलं की क्षणभर त्यांना वाटलं, खोटं बोला, अडतीस म्हणा, मी स्कोअरबुक घेऊन उभी राहते.

"सहा," यजमान म्हणाले.

"किती म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"सहा," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी जरा विचार केला. "बाकीचे बत्तीस दिले असतील त्यानं मित्रांना. लहानपणापासून हात सढळच आहे त्याचा."

पाहुणे काही क्षण गंभीर राहिले आणि मग गदागदा हसायला लागले. त्यांनी यजमानांच्या खांद्यावर हात टाकला. "शाब्बास! निदान एक तरी खरं बोलला. ती मिशी कुठाय? तिनंच आमचा घाम काढला होता. तो बुटका आलाय का?" लॅब असिस्टंट आणि कॅन्टीनवाला ढकलले गेल्यासारखे वर आले. तीन नऊ नंबर एका ओळीत उभे राहिले, आणि टाळ्या थांबेनात.

"पण साहेब," प्राचार्यांनी एक डोळा उघडून विचारलं, "आपण हरकत लिहिली होती. मग ती पुढे का नाही नेली?"

"लिहिली रागात. रात्री विचार केला, चौकशी झाली तर आमच्या बारा नंबरचीही होईल."

"त्यांचं काय?"

"तो आमच्या कॉलेजचाच नव्हता. गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. दोन पोरांचा बाप." पाहुण्यांनी फलकाकडे पाहिलं. "कप तुमचाच राहू द्या. तुमचे निदान सगळे कॉलेजात तरी होते."

समारंभ संपला. सासूबाई नणंदेच्या गाडीतून पुढे गेल्या. सहा आणि बत्तीसचा खुलासा अकरा ठिकाणी करायचा होता, आणि बाराव्याचा फोन आता लागत होता. बाई आणि यजमान चालतच निघाले. ऊन उतरलं होतं. दोन चौक मागे पडले.

"वाईट वाटलं का गं तुला?" यजमानांनी विचारलं.

"सुरुवातीला वाटलं," बाई म्हणाल्या. "मग तुम्ही उठलात. ते दोघं बसून राहिले आणि तुम्ही उठलात. मग नाही वाटलं."

यजमान आणखी थोडं चालले. औषधांच्या दुकानासमोर येऊन त्यांनी उगाचच कुलूप ओढून पाहिलं.

"एक सांगू?"

"सांगा."

"सहा नव्हते. चार होते. एवढ्या लोकांत चार म्हणजे अगदीच काहीतरी वाटलं असतं."

बाई थांबल्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना हसू आवरेना, पण त्यांनी ते आवरलं. मग त्यांनी त्याच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

"सहाच ठेवू," त्या म्हणाल्या. "मी होते ना तिथे."

"तू? तेव्हा तर आपली ओळखही नव्हती."

"मग काय झालं? चला, पाय उचला."